जुनेराला हात, कोऱ्याला मशीन

सोलापूर म्हटलं की चादर आठवते. पाहुणा गावाहून परत निघाला की त्याच्या पिशवीत शेंगाची चटणी आणि एक चादर असतेच. पण ज्यांनी त्या चादरी विणल्या, त्यांच्या घरी रात्री अंगाखाली यायची ती वाकळ. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांत ती बोंत, अक्कलकोटकडच्या कन्नड घरांत कौदी, बाकी जिल्ह्यात वाकळ नाहीतर गोधडी. विकायला चादर आणि निजायला वाकळ, असा या गावचा जुना हिशेब होता.

जिल्ह्यात अंथरूण-पांघरुणाच्या तीन परंपरा शेजारी शेजारी नांदल्या. सांगोला-मंगळवेढ्याच्या बाजूला धनगरांची घोंगडी: खड्डामागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली, पावसात अंगावर घ्यायची. शहरात चादर: जकार्डच्या पत्त्यांवर नक्षी उतरवलेली, यंत्रमागावरची, सुती आणि जाड. आणि घरोघर वाकळ, जिला माग लागत नाही, कारखाना लागत नाही, कोरं कापडसुद्धा लागत नाही. यातली चादर तर यंत्राशी बांधलेली. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी निघाली, लोक तिला जुनी गिरणी म्हणत. पुढे गिरण्या वाढल्या, मग बंद पडल्या, आणि यंत्रमाग गल्लोगल्ली पसरले. २००५-०६ मध्ये सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. यंत्रावर निघणारी वस्तू ‘पारंपरिक’ म्हणून कायद्यानं मान्य झाली, आणि त्यात कुणाला काही खटकलं नाही. मलाही खटकत नाही. पण मग गोधडीच्या बाबतीतच ‘हाताची की मशीनची’ हा वाद एवढा तापतो कशाला, हे तपासून पाहावंसं वाटतं.

वाद साधारण असा मांडला जातो. हस्तकलेवर प्रेम असणारे म्हणतात, हाताच्या टाक्यात जीव असतो, मशीननं तो मारला. बचत गट चालवणाऱ्या बाया म्हणतात, हातानं शिवत बसलं तर एका गोधडीत आठवडा जातो आणि गिऱ्हाईक भाव करतं शेदोनशे रुपयांचा. आम्हाला मशीन द्या. शहरात हौसेनं क्विल्ट करणारा तिसरा वर्ग आहे, ज्याच्याकडे महागडी मशीनं आहेत आणि जो मशीनच्या टिपेलाही कलाच मानतो. २०१९ साली चेन्नईत भारतातला क्विल्ट महोत्सव भरला, तेव्हा हा वर्ग किती वाढलाय ते दिसलं. आणि ज्यांच्या घरात अजून वाकळी शिवल्या जातात त्या बाया या वादात नसतातच. त्यांना विचारलं तर त्या सांगतात, जुनं लुगडं मशीनवर टिकत नाही गं बाई, फाटतं. माझ्या मते वादाची किल्ली या एका वाक्यात आहे. बाकी तिघं सुईबद्दल बोलतात, ही बाई कापडाबद्दल बोलते.

आधी वाकळ होते कशी ते नीट पाहू. जमिनीवर एक मजबूत पातळ किंवा लुगडं पसरायचं, कोपऱ्यांवर दगड किंवा पाटा-वरवंटा ठेवायचा. त्यावर फाटकी धोतरं, सदऱ्यांचे तुकडे, विरलेली लुगडी, टॉवेल, जे असेल ते एकसारख्या जाडीत मांडायचं. इथेच खरी कारागिरी. एकीकडे तीन पदर आणि दुसरीकडे सात झाले तर वाकळ पाठीला टोचते. वर पुन्हा एक चांगलं लुगडं, शक्यतो इरकली, कारण त्याचे काठ बळकट. मग लांब कच्च्या टाक्यांनी सगळे पदर एकमेकांना धरून ठेवायचे. त्यानंतर जाड दोरा, मोठी सुई नाहीतर दाभण, आणि साधा धावदोरा. कुणी कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन असं आत आत येतं, कुणी सरळ ओळी घालतं. कडेकडून आत येण्यात एक शहाणपण आहे: पदरांतला जास्तीचा झोळ प्रत्येक फेरीबरोबर मध्याकडे सरकतो आणि वाटेत चुणी दिसली की तिथेच मोडून घेता येते, वर ठिगळ टाकता येतं. शिवणारी स्वतः वाकळीवर बसलेली असते. पदर विरलाय की घट्ट आहे ते तिच्या बोटाला कळतं. विरलेल्या जागी ती टाका लांब घेते, वर एखादा खणाचा तुकडा लावते आणि पुढे जाते.

ही अक्कल फक्त आपलीच नव्हे. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या रानात राहणाऱ्या सिद्दी बायका याच रीतीनं कवंदी शिवतात, चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची फुलं लावतात. त्यांच्यातल्या बऱ्याच घरांत कोकणी-मराठी बोलली जाते. २००४ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि अमेरिकी अभ्यासक हेन्री ड्रेवल यांनी त्यांच्या कवंद्या परदेशी संग्रहालयांत नेल्या. बंगालच्या नक्षी कांथ्याला २००८ साली मानांकन मिळालं. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी गावोगाव फिरून स्वतंत्र पुस्तक केलं, तेही इंग्रजीत, आणि काढलं फ्रान्समधल्या प्रकाशनानं. रोज जिच्यावर झोपतो तिची नोंद ठेवावी असं आपल्याला वाटलं नाही. त्याचं कारण उघड आहे. वाकळ ही कला म्हणून कुणी शिवलीच नव्हती. कापड वाया जाऊ नये म्हणून शिवली होती.

आता थोडं गणित. सहा फूट बाय चार फुटाची वाकळ घ्या आणि ओळींमध्ये अर्धा इंच अंतर धरा. सगळ्या ओळींची लांबी होते ५७६ फूट, म्हणजे सुमारे १७५ मीटर. इंचाला चार टाके पकडले तर एका वाकळीत साडेसत्तावीस हजारांहून जास्त टाके. मिनिटाला वीस टाके, तेही न थांबता, या वेगानं तेवीस तास. यात कापड मांडणं, कच्चे टाके, सुईत दोरा ओवणं, पोर रडलं म्हणून उठणं यातलं काहीच धरलेलं नाही. तासाला पन्नास रुपये मजुरी लावली तरी साडेअकराशे नुसत्या टाक्यांचे. मशीन इंचाला आठ टाके टाकते, म्हणजे तिचे टाके दुप्पट; पण मिनिटाला आठशेच्या वेगानं ते सगळं तासा-सव्वा तासात उरकतं. जड कापड फिरवण्या-सावरण्यात आणखी दोन-तीन तास जातील एवढंच.

हे तेवीस तास सोलापुरात कधीच फुकट नव्हते, आणि या मुद्द्यावर मला जरा रेंगाळायचंय. इथल्या बाईच्या बोटांना बाजारभाव आहे. हजारो घरांत विड्या वळल्या जातात आणि त्यांची मजुरी हजार विड्यांवर ठरते. हजार विड्या वळायला जवळपास सगळा दिवस जातो. म्हणजे एक वाकळ हातानं शिवायची तर दोन ते तीन दिवसांच्या विड्या सोडायच्या. खेड्यात उन्हाळ्याच्या दुपारी, शेतात काम नसताना, वाकळ ‘रिकाम्या वेळात’ शिवली गेली असं म्हणता येईल. शहराच्या पूर्व भागात किंवा कुंभारीच्या घरकुलात ते म्हणता येत नाही. वाकळीचा खरा स्पर्धक शोधायचा तर मशीनच्या आधी विडीच्या पानाचं सूप दिसतं. हाताच्या कामाची थोरवी गाणाऱ्यांनी हे सूप एकदा पाहिलं पाहिजे.

मशीन म्हणजे एकच वस्तू असंही समजू नये. घरातलं पायमशीन, उषा किंवा मेरिट, हे मुळात सदरे-झबली शिवायला केलेलं यंत्र. त्याचे खालचे दाते खालचं कापड पुढे ढकलतात आणि वरचा फूट वरचं कापड दाबून धरतो. दोन पदरांना हे चालतं. सहा पदर आले की खालचा पुढे पळतो, वरचा मागे राहतो आणि ओळीच्या शेवटी चुण्यांचा ढीग. त्यावर उपाय म्हणून वरूनही कापड पुढे नेणारा वॉकिंग फूट निघाला. दुसरी अडचण जागेची: मशीनच्या हाताखालून अख्खी वाकळ गुंडाळून घालावी लागते आणि तिथे जेमतेम वीतभर जागा. म्हणून पुढे लाँगआर्म मशीन आली. तिच्यात कापड चौकटीवर ताणलेलं राहतं आणि मशीनच त्यावरून फिरते. कारखान्यांत तर अनेक सुया एका ओळीत असलेली मशीन असते. एकीकडून वरचं कापड, खालचं कापड आणि मधला पॉलिस्टरचा थर तिन्ही गुंडाळ्यांवरून येतात, दुसरीकडून रजईचा पट्टा बाहेर पडतो. त्यापुढची पायरी म्हणजे दोराच नाही: ध्वनिलहरींच्या उष्णतेनं कापड ठिपक्या-ठिपक्यांत वितळवून चिकटवायचं. सुताला ही युक्ती चालत नाही, कारण सूत वितळत नाही, जळतं. हॉटेलातल्या चकचकीत पलंगपोसावर टाक्यासारखी नक्षी दिसते आणि दोरा सापडत नाही, तो हा प्रकार.

यातल्या बहुतेक मशीनला कोरं, एकसारख्या जाडीचं, ताण सोसणारं कापड हवं असतं. वाकळीचं कापड याच्या बरोबर उलट: विरलेलं, कुठे जाड कुठे पातळ, प्रत्येक तुकडा वेगळ्या वयाचा. मशीनची टीप इंचाला आठ-दहा भोकं पाडते, सरळ एका रेषेत, आणि वरचा नि खालचा असे दोन दोरे घट्ट आवळते. वीस वर्षं धुतलेल्या लुगड्यावर ही टीप मारली की ते टपाल तिकिटाच्या कडेसारखं त्याच रेषेवर फाटतं. धावदोऱ्याचा टाका सैल असतो, अंग वळलं की तोही थोडा वळतो, भोकं निम्मी. एकेरी दोरा तुटला तर टाके सुटतात, हे खरं. पण दोरा तुटलेला परवडतो, कापड फाटलेलं परवडत नाही. आणखी एक गोष्ट. जुनी वाकळ टाकून देत नाहीत. तिच्यावर आणखी एक पातळ चढवून पुन्हा दोरे घालतात, जुनी वाकळ नव्या वाकळीच्या पोटात जाते. दर खेपेला जाडी वाढते आणि तिसऱ्या खेपेला कुठल्याच घरगुती मशीनची सुई त्यातून जात नाही, दाभण जातं. कारखान्याच्या रजईतला पॉलिस्टरचा थर गोळा झाला की ती संपली. तिच्यावर दुसरा जन्म चढत नाही.

कापड कोरं असेल तर मात्र सगळं पारडं फिरतं. नव्या सुती कापडाची दोन पानं, मध्ये कापसाचा सारखा थर, कडेला गोट: इथे मशीनची टीप हाताच्या टाक्यापेक्षा जास्त टिकते, शंभर धुण्यांत सुटत नाही आणि स्वस्त पडते. अशा कोऱ्या कापडावर हातानं साडेसत्तावीस हजार टाके घालायला लावायचे आणि वर मजुरी द्यायची नाही, हा प्रकार मला पटत नाही. बाजारात आज ‘हँडमेड गोधडी’ म्हणून जे महागात विकलं जातं, त्यातलं बरंचसं हेच आहे. कोरं छापील कापड, कोरा दोरा, रंगसंगती शहरी दिवाणखान्याला शोभेल अशी. दिसायला सुरेख. पण गोधडीचा मूळ गुण म्हणजे धुवून धुवून आलेला मऊपणा, आणि तो तिच्यात नाही. बाळंतिणीच्या खोलीत आजीच्या पातळाचं दुपटं का लागतं ते कुठल्याही घरात विचारा. मशीनला नाकं मुरडणारं गिऱ्हाईक असं कोरं दुपटं हातानं शिवलंय म्हणून खुशीत घेऊन जातं, तेव्हा त्यानं हात विकत घेतलेला असतो, गोधडी नाही.

परदेशातही हा वाद झाला, आणि त्याच्या वाटेत एक गंमत आहे. शिवणयंत्राचं एलियास होवचं पेटंट १८४६ चं, सिंगरचं १८५१ चं. अमेरिकेत त्यानंतरच्या दशकांत ज्या घरात शिवणयंत्र आलं त्या घरातल्या बाया मुद्दाम मशीनची टीप वर दिसेल अशा गोधड्या करत, कारण यंत्र महाग होतं आणि टीप ही ऐपतीची खूण होती. पुढे यंत्र घरोघर पोचलं आणि प्रतिष्ठा उलटली. हाताचा टाका खानदानी ठरला. एवढा, की १९८९ साली केंटकीतल्या पडुका इथल्या मोठ्या स्पर्धेत कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या मशीननं शिवलेल्या क्विल्टला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा केवढा गहजब झाला. आज तिथल्या प्रदर्शनांत मशीनचीच कामं जास्त दिसतात. ऐपत आणि दुर्मीळता जिकडे, तिकडे मान. टाक्याच्या गुणाशी त्याचा संबंध थोडाच.

अलाबामातलं जीज बेंड हे गाव मला सोलापूरच्या जास्त जवळचं वाटतं. गुलामांच्या वंशजांची वस्ती, गरिबी, आणि शेतात घालून फाटलेल्या कपड्यांच्या गोधड्या. १९६६ साली तिथल्या बायांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली. मोठ्या दुकानांची कामं आली, पण दुकानांना हवा होता एकसारखा माल: ठरलेलं माप, ठरलेले रंग. ज्या हातांना मनाला येईल तशी मांडणी करायची सवय होती ते हात साच्यात बसवावे लागले. २००२ साली त्यांच्याच जुन्या, विस्कळीत, घरगुती गोधड्या ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या आणि जगानं त्यांना आधुनिक चित्रकलेच्या रांगेत बसवलं. नंतर पैसा कुणाला किती मिळाला यावरून खटले झाले. म्हणजे साचा लादायला यंत्रच लागतं असं नाही; हातानं शिवतानाही बाजार साचा लादू शकतो. आपल्या बचत गटांना प्रदर्शनात माल ठेवायचा म्हणून ‘सगळ्या गोधड्या एका रंगात करा’ असं सांगितलं जातं, तेव्हा हेच चाललेलं असतं.

गांधीजींचं नाव हाताच्या बाजूनं हमखास घेतलं जातं. पण १९२४ साली दिल्लीत रामचंद्रन या तरुणानं त्यांना विचारलं की तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरोधात आहात का, तेव्हा त्यांनी अपवाद म्हणून नेमकं सिंगरचं शिवणयंत्र निवडलं. बायकोला हातशिलाई करताना होणारा त्रास पाहून सिंगरनं ते केलं, त्यामागे प्रेम होतं, असा त्यांचा युक्तिवाद. सिंगरचं खरं चरित्र वाचलं तर त्या प्रेमकथेवर कुणी विश्वास ठेवणार नाही. माणूस नाटकवाला, लफडेबाज आणि पक्का व्यापारी होता. मुद्दा मात्र उरतोच: बाईच्या पाठीवरचं ओझं कमी करणारं यंत्र चरख्याच्या माणसालाही चाललं.

मग वाकळ कमी का झाली? मशीननं मारली असं म्हणायला मला पुरावा दिसत नाही. तिचा कच्चा माल संपला, हे पहिलं कारण. सुती नऊवारी गेली, सुती पाचवारीही गेली, आणि रोजच्या वापरात आल्या नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या. या विरत नाहीत, मऊ पडत नाहीत, घाम पीत नाहीत. हाताच्या सुईखाली निसटतात, पदर एकमेकांवर घसरतात. तरीही त्यांच्या वाकळी होतात. ऊसतोडीला निघालेल्या गाड्यांवर, पंढरीच्या वारीतल्या ट्रकवर रंगीबेरंगी चवडी दिसतात त्यातल्या पुष्कळ याच. गरजेला कापड निवडता येत नाही. पण उन्हाळ्यात, पारा चाळीसच्या वर गेलेला असताना, माळवदावर पॉलिस्टरच्या वाकळीवर झोपून बघा, पाठ चिकटते. सोलापूरची थंडी महिना-दीड महिन्याची, संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या आगेमागे. वाकळ इथे मुख्यतः अंथरायची वस्तू, आणि अंथरणाला सूतच लागतं.

दुसरं कारण पाणी. नवरात्राआधी दसरा काढायचा म्हणजे घरातल्या सगळ्या वाकळी सीनेवर, भीमेवर, विहिरीवर नेऊन बडवून धुवायच्या, हा जिल्ह्याचा वार्षिक कार्यक्रम. ओली वाकळ पिळायला दोघीजणी लागतात. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, उजनी धरण भरलेलं असो वा नसो. घरातल्या वॉशिंग मशीनला भिजलेल्या वाकळीचं वजन पेलत नाही. शिवण्याच्या मशीनपेक्षा धुण्याच्या मशीननं वाकळीचं जास्त वाकडं केलंय, असं मी गमतीनं नाही म्हणत. त्यात घरं लहान. कुंभारीला रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा प्रकल्प उभा राहिला, ते मोठंच काम झालं. पण अशा एका खोली-स्वयंपाकघरात दहा वाकळींची चवड ठेवायची कुठे?

तिसरं कारण पानिपत. तिथे जगभरचे जुने लोकरी कपडे यंत्रात फाडून, पुन्हा कातून, त्यांची स्वस्त कांबळी होत. विचार केला तर ती यंत्राची वाकळच: जुन्या कापडाला दुसरा जन्म, फक्त चिंधीच्या रूपात न ठेवता धाग्यापर्यंत मोडून. आता त्या धंद्यालाही पॉलिस्टरच्या मऊसूत मिंक ब्लँकेटनं मागे सारलंय. तीच ब्लँकेटं सोलापूरच्या बाजारात चादरीला आणि वाकळीला एकाच वेळी खातात. हलकी, फुगीर, चटकन वाळणारी. हाताची गोधडी आणि मशीनची गोधडी एकमेकींशी भांडत असताना दोघींचं गिऱ्हाईक तिसरंच कुणी घेऊन गेलं.

जुनं कापड घरातून बाहेर जाण्याची वाटही बदलली. बोहारीण दारात यायची, चार साड्यांवर एक स्टीलचं पातेलं द्यायची, आणि कुठलं पातळ वाकळीला ठेवायचं, कुठलं बोहारणीला द्यायचं यावर सासू-सुनांत चर्चा व्हायची. पातेल्यानं बऱ्याच वाकळी अशा जन्माआधीच नेल्या. भटक्या जमातींतल्या काही बाया गल्लीत झाडाखाली बसून घरच्या कापडाच्या गोधड्या मजुरीनं शिवून देत, अजूनही देतात. हात आणि बाजार यांचा तो सगळ्यात जुना आणि सगळ्यात प्रामाणिक व्यवहार. कापड तुमचं, टाके त्यांचे, भाव समोरासमोर.

पिंजाऱ्यांच्या धंद्याकडे पाहिलं तर हात आणि यंत्र यांची वाटणी वेगळीच दिसते. गादीचा कापूस पूर्वी धनुकलीनं पिंजला जायचा. तिची तार वाजली की गल्लीला कळायचं. पिंजायला मशीन आली आणि धनुकली माळ्यावर गेली. पण गादी भरणं, तिला दाभणानं जागोजागी टाके घालून कापूस बसवणं आजही हातानंच चालतं. धुळीचं, फुफ्फुसं बिघडवणारं काम यंत्रानं घेतलं, अंदाजाचं काम हाताकडे राहिलं. कुणी परिषद भरवून हे ठरवलं नव्हतं.

गोधडीतही अशी वाटणी शक्य आहे, आणि सोलापूरला ती इतरांपेक्षा सोपी. इथे शाळेच्या गणवेशांचा मोठा व्यवसाय आहे. कटिंगच्या टेबलाखाली रोज चिंधी पडते: कोरी, एका जाडीची, एका पोताची, बहुतेक पॉलिस्टर-सूत मिश्र. तिला हाताचा टाका कशाला? ती मशीनचीच. आणि या गावात जड मशीनवर हात बसलेल्या बाया भरपूर आहेत. निळ्या-खाकी-लाल चौकड्यांची गणवेशाची गोधडी, वॉकिंग फूटवर शिवलेली, वसतिगृहाच्या पलंगावर घालायला उत्तम होईल, आणि तिला हाताची म्हणून खपवायची गरजही पडणार नाही. चादरीच्या कारखान्यातले कडेचे तुकडे सुती असतात. तेही याच वाटेनं जावेत. उलट घरातली जुनी सुती पातळं जिथे अजून निघतात तिथे हातच हवा, आणि त्या हाताचा भाव तेवीस तास धरून लावायला हवा.

कायद्याची मदत होईल असं मला वाटत नाही. हातमागाला १९८५ चा आरक्षण कायदा मिळाला, बावीस प्रकारचं कापड हातमागासाठी राखून ठेवलं गेलं, पुढे ती यादी अकरावर आली. यंत्रमागांच्या गावात त्या कायद्याचं काय होतं ते सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. गोधडीसाठी तसलं काही केलं तर तपासणार कोण आणि कसं? उलटी बाजू पाहिली तर टाके मोजता येतील: हाताच्या ओळीत टाक्यांची लांबी थोडी कमी-जास्त होते आणि उलट बाजूला टाक्यांमधली रिकामी जागा दिसते, मशीनची टीप दोन्हीकडून सलग असते. एवढं ओळखायला गिऱ्हाइकाला निरीक्षक लागत नाही, फक्त गोधडी उलटी करावी लागते.

मजुरीचं मात्र काहीतरी करता येईल. बचत गटांत हाताच्या गोधडीची मजुरी बहुधा नगावर ठरते. नगावर पैसे म्हटले की ओळी विरळ होतात. अर्ध्या इंचाचं अंतर एक इंच झालं की काम निम्मं आणि पैसे तेवढेच, यात शिवणारीला दोष देता येत नाही. पण विरळ ओळींची वाकळ दोन धुण्यांत आतून गोळा होते, गिऱ्हाईक पुन्हा येत नाही आणि ‘हाताचं काम टिकत नाही’ असा बोभाटा होतो. त्याऐवजी ओळीच्या लांबीवर मजुरी द्यावी. वरच्या हिशेबानं मीटरला साडेसहा रुपये म्हणजे १७५ मीटरचे साडेअकराशेच्या आसपास. विडीची मजुरी हजारावर मोजणाऱ्या गावाला हा हिशेब शिकवावा लागणार नाही. दोऱ्याच्या रिळावर मीटर छापलेले असतातच. किती रीळ संपलं ते पाहून गटाच्या वहीत आकडा टाकता येतो; गुंतून वाया गेलेल्या दोऱ्याचे दहा टक्के आधीच सोडून द्यावेत, त्यावरून भांडणं नकोत.